भंगारातल्या भागांतून बसवलेला पिकअपचा एसी पुन्हा पुन्हा गरम होत असेल तर

आधी लक्षणं. यातलं तुमच्या गाडीला कुठलं लागू पडतं ते नीट ठरवा, कारण त्यावरून पुढची बरीच तपासणी वगळता येते.

• गाडी पळताना गारवा चांगला, उभी राहिली की दोन-तीन मिनिटांत हवा कोमट.

• पहिली वीस-पंचवीस मिनिटं उत्तम, मग डॅशवरच्या जाळीतून येणारी हवाच कमी होते. एसी बंद ठेवून थोड्या वेळाने लावला की परत पहिल्यासारखा.

• गॅस भरला की काही दिवस छान, मग हळूहळू उतरत जातो.

• कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला पुलीशी जोडणारा चुंबकी भाग, काही सेकंदांनी लागतो आणि सुटतो. किंवा सकाळी लागतो, पण इंजिन तापल्यावर लागतच नाही.

• कॉम्प्रेसरकडे परत येणारा जाड पाइप हाताला गार लागतो, खाली पाणीही ठिबकतंय, तरी केबिन गरमच.

असे बरेच पिकअप माझ्या हाताखालून गेले. जवळजवळ प्रत्येकात माझ्याकडे येण्याआधी दोन-तीनदा गॅस भरलेला होता, आणि कॉम्प्रेसर बदलायचं बोलणंही झालेलं होतं. गॅस हे इंधन नाही, तो वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गेलाय, आणि कमी झालाच नसेल तर वरून भरलेला गॅस त्रास वाढवतो.

कारखान्यातून आलेल्या एसीत एखादा भाग बिघडतो. जमवलेल्या एसीत कॉम्प्रेसर एका गाडीचा, कूलिंग कॉइल (केबिनची हवा गार करणारी) दुसऱ्या गाडीची, कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) तिसऱ्या गाडीचा, आणि होस (रबरी नळ्या) नव्याने दाबून घेतलेले. सुटा पाहिला तर प्रत्येक भाग ठीक असतो. दोष असतो तो दोन भागांच्या जोडणीत: मापात, तेलात, तारेत, रबरात. म्हणून तपासताना "हा भाग खराब आहे का?" यापेक्षा "याचं शेजारच्याशी जमतंय का?" हे विचारत जा.

काहीही न उघडता

पाइप गार आणि केबिन गरम असेल तर गेज (दाब मोजायचे काटे) लावण्याआधी हीटर बघा. जुन्या पिकअपमध्ये हीटरची कॉइल डॅशखाली आधीपासून असते आणि नवी कूलिंग कॉइल तिच्या पुढे किंवा मागे बसवलेली असते. हीटरचा पाण्याचा वाल्व जुना झाला की पूर्ण बंद होत नाही. मग ८०-९० अंशांचं पाणी हीटरमधून फिरत राहतं आणि कूलिंग कॉइलने गार केलेली हवा तिथे पुन्हा तापते. इंजिन गार असताना हीटरकडे जाणारा होस पकडीने हलका दाबून बंद करा. दातेरी पक्कड थेट लावू नका, मध्ये कापड ठेवा. मग गाडी चालवून बघा. हवा एकदम गार झाली तर एसीत दोष नव्हताच. पाच मिनिटांच्या या एका तपासणीने कॉम्प्रेसर बदलण्याचा विचार सोडून दिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

त्याच बैठकीत आतलीच हवा फिरवायची झडप पूर्ण बंद होते का ते बघा. पेडलच्या वरची, तारा जाण्यासाठी पाडलेली भोकं आणि दरवाज्यांचे रबर तपासा. इंजिनकडून येणारी गरम हवा ब्लोअर ओढत असेल तर चांगली कॉइलही तिला पुरी पडत नाही. ड्रेनची नळी मोकळी आहे ना तेही बघून घ्या. ती तुंबली की पाणी पायाशी येतं आणि लोक गळती समजून गॅसच्या मागे लागतात.

पट्टा, क्लच आणि तारा

इंजिन बंद करा, चावी काढा. कॉम्प्रेसरची पुली आणि क्रँकची पुली एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. घरी केलेल्या ब्रॅकेटमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज राहतो. पट्टा खाचेच्या एका कडेला घासत चालतो, किंचाळतो, आणि सैल झाला की दाबच तयार होत नाही. पट्टा आणि पुलीची खाच एकाच मापाची असायला हवी. अरुंद पट्टा रुंद खाचेत तळाला टेकतो आणि कितीही ताणला तरी घसरतो.

क्लचची पुढची प्लेट आणि पुली यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. सँडेन कंपनीच्या कॉम्प्रेसरवर ती साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर असते. वापरलेल्या क्लचमध्ये झीज होऊन फट वाढलेली असते. बॉनेटखालची उष्णता वाढली की क्लचच्या कॉइलचा रोध वाढतो, चुंबक कमजोर पडतं आणि मोठी फट ओलांडून प्लेट ओढता येत नाही. "सकाळी चालतो, दुपारी नाही" याचं सर्वांत साधं कारण हेच. प्लेटमागची पातळ वॉशर काढून फट कमी करता येते, कॉम्प्रेसर उघडावा लागत नाही.

फट बरोबर असेल तर क्लच लागलेला असताना कॉइलच्या तारेवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ आणि कॉइलवर १०.५ दिसत असेल तर मधल्या तारा बारीक आहेत, किंवा स्विचवरून थेट जोडणी केली आहे. बारा व्होल्टची कॉइल साधारण ४ अँपिअर ओढते. तिला रिले (मोठा प्रवाह जोडणारा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज द्या.

अर्थिंग कुणी बघत नाही. बऱ्याच कॉम्प्रेसरना एकच तार असते आणि परतीचा मार्ग ब्रॅकेटमधून जातो. ब्रॅकेट सुंदर रंगवून बसवलं की तोच रंग वीज अडवतो. एका पिकअपचा क्लच महिनाभर लहर आली की लागायचा. मालकाने रिले बदलला, स्विच बदलला, दाबाचा स्विचही बदलला. शेवटी कॉम्प्रेसरच्या बोल्टपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक वेगळी तार ओढली आणि तो विषय संपला.

कॉम्प्रेसर मोठ्या ट्रकचा किंवा बसचा असेल तर कॉइल चोवीस व्होल्टची असू शकते. मीटरवर रोध बघा. बारा व्होल्टच्या कॉइलचा ३-४ ओहमच्या आसपास येतो, चोवीसच्या कॉइलचा त्याच्या तिप्पट-चौपट. चोवीसची कॉइल बारावर क्लच लावल्यासारखी वाटते, पण क्लच घसरतो आणि जळतो.

एसी लावला की इंजिन आयडलला गुदमरत असेल तर एसीमध्ये काही शोधू नका. कॉम्प्रेसर लागताना आयडल थोडा वाढवणारा आयडल-अप बसवलेलाच नसतो. तो बसवा.

कंडेन्सरवरची हवा

"पळताना गार, उभी राहिली की गरम" हे लक्षण असेल तर बाकी सगळं सोडून इथे या. जमवलेल्या एसीत सर्वाधिक चूक होते ती याच जागी. केबिनमधून काढलेली सगळी उष्णता आणि वर कॉम्प्रेसरने केलेलं काम, दोन्ही याच जाळीतून बाहेर जायचं असतं.

इंजिन आयडलला ठेवा, एसी पूर्ण लावा, आणि कंडेन्सरवर समोरून साध्या पाण्याची संथ धार सोडा. पंख्याच्या मोटरवर आणि तारांवर पाणी जाऊ देऊ नका. मिनिटभरात केबिनमधली हवा गार झाली तर गॅस, कॉम्प्रेसर, वाल्व सगळं ठीक आहे आणि उष्णता बाहेर जात नाही एवढाच प्रश्न आहे. फरक पडला नाही तर दोष पुढे शोधायचा. एक बादली पाण्यात इतकं स्पष्ट उत्तर देणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

उत्तर "हो" आलं तर पंख्यापासून सुरुवात करा. कंडेन्सरसमोर कागद धरा. पंखा पुढे बसवलेला असो वा मागे, कागद जाळीकडे ओढला गेला पाहिजे. बाहेर फेकला जात असेल तर मोटरच्या तारा उलट्या आहेत. दुसरी शक्यता अशी की मागून ओढणारा पंखा पुढून ढकलायला लावलाय आणि पाती उलटी केलेली नाहीत. तो फिरतो, आवाज करतो, हवाही थोडी देतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण गाडी पळायला लागली की समोरून येणाऱ्या हवेशी तो भांडतो.

मग कडा बघा. लहान गाडीचा कंडेन्सर पिकअपच्या रुंद तोंडात बसवला की चहूबाजूंनी मोकळी जागा राहते. हवा जाळीतून जायचं सोडून कडेने निघून जाते, आणि गाडी उभी असताना रेडिएटरची गरम हवा त्याच फटींतून फिरून परत पुढे येते. पत्रा आणि फोमच्या पट्ट्या लावून कडा बंद करा. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्यामधली जागाही बाजूने बंद करा. एवढ्यानेच उभ्या गाडीतला फरक हाताला जाणवतो.

एवढं करूनही जमत नसेल तर कंडेन्सर लहान आहे किंवा जुन्या जातीचा आहे. आर-१२ या जुन्या एसी-गॅसच्या काळातले कंडेन्सर एकाच लांब वळवलेल्या नळीचे असत. ओझोनच्या प्रश्नावर १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, आर-१२ मागे पडला आणि गाड्यांत आर-१३४ए आला. ६० अंशांना आर-१२ चा दाब साधारण २०५ पीएसआय (दाबाचं एकक) असतो, आर-१३४ए चा सुमारे २३०. म्हणजे जाळी तितकीच तापली तरी कॉम्प्रेसरला जास्त दाबाविरुद्ध काम करावं लागतं. त्यामुळे भंगारातून कंडेन्सर घ्यायचा तर अनेक चपट्या नळ्या समांतर असलेला, पॅरलल फ्लो जातीचा घ्या, आणि रेडिएटरच्या तोंडात मावेल तेवढा मोठा घ्या. एक गोष्ट मात्र पाळा: ज्या गाडीचा कॉम्प्रेसर आतून फुटला होता तिचा कंडेन्सर घेऊ नका. त्या बारीक नळ्यांत अडकलेला धातूचा चुरा धुऊन निघत नाही.

वीस मिनिटांनी हवा बंद होत असेल तर

कॉइलवर बर्फ जमतोय. ब्लोअर हवा ढकलतोय, पण कॉइलच्या पातळ पट्ट्यांमधली (पंखांमधली) वाटच गोठली आहे. थर्मोस्टॅटची बारीक नळी कॉइलच्या पंखांमध्ये घट्ट खोचलेली आहे का ते बघा. कॉइलच्या बदललेल्या खोक्यात ती अनेकदा हवेत लोंबकळत असते, म्हणून कॉइल शून्याखाली गेली तरी तिला कळत नाही आणि क्लच सुटत नाही.

ती नीट असेल तर तुमच्याकडे दोन वेगळ्या पद्धतींचे भाग एकत्र आलेत का ते तपासा. एका पद्धतीत कॉइलच्या तोंडाशी एक्स्पान्शन वाल्व (द्रव मोजून आत सोडणारा) असतो आणि ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) कंडेन्सरनंतर, हाय साइडला (जास्त दाबाच्या बाजूला) येतो. दुसरीत वाल्वऐवजी ठरावीक छिद्राची ऑरिफिस ट्यूब असते आणि कॉइलनंतर, लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला) द्रव अडवणारा मोठा अ‍ॅक्युम्युलेटर येतो. वाल्वला पुढून निव्वळ द्रव लागतो. त्याच्या आधी रिसीव्हर ड्रायर नसेल तर त्याच्या वाट्याला बुडबुडे येतात आणि गारवा वरखाली होतो. ऑरिफिसच्या पद्धतीत अ‍ॅक्युम्युलेटर नसेल तर न उकळलेला द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो आणि आतल्या वाल्वच्या पट्ट्या मोडतात. तेव्हा एकच पद्धत निवडा आणि तिचे सगळे भाग घ्या. एक्स्पान्शन वाल्वला वेगळा बल्ब असेल तर तो कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या पाइपला घट्ट बांधून वर इन्सुलेशन गुंडाळलेलं हवं.

आता गेज

इथून पुढे चष्मा आणि हातमोजे घाला. आर-१३४ए साध्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो, द्रव डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

पहिलं वाचन इंजिन बंद असताना घ्या. गाडी काही तास सावलीत उभी असावी आणि सगळे भाग बाहेरच्या हवेइतकेच गरम असावेत. दोन्ही काटे सारखे दिसले पाहिजेत. आर-१३४ए साठी २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय, ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३. आत थोडा जरी द्रव असेल तरी हाच दाब दिसतो, म्हणून या आकड्यावरून गॅस किती आहे ते कळत नाही. आकडा खूप खाली असेल तर गॅस जवळपास गेलेला आहे. आणि आकडा वर असेल, समजा ३० अंशांना १२० पीएसआय, तर आत हवा राहिली आहे किंवा दुसरा गॅस मिसळलेला आहे. हे वाचन फार जण घेत नाहीत. पण हवा अडकलेल्या एसीचं लक्षण आणि कमी गॅसचं लक्षण केबिनमध्ये बसून सारखंच वाटतं, आणि इथेच दुसऱ्यांदा गॅस भरण्याची चूक होते.

मग इंजिन साधारण १५०० आरपीएमवर. मध्यम उन्हात लो साइड ३०-४० आणि हाय साइड २००-२५० च्या दरम्यान असेल तर बरं चाललंय. दोन्ही खाली म्हणजे गॅस कमी. दोन्ही वर म्हणजे गॅस जास्त, हवा अडकलेली, किंवा कंडेन्सर. म्हणूनच पाण्याची तपासणी आधी करायची. लो वर आणि हाय खाली म्हणजे कॉम्प्रेसर आतून झिजलाय. लो साइड अधूनमधून थेट शून्याखाली जाऊन परत वर येत असेल तर आतला ओलावा वाल्वच्या तोंडाशी गोठतोय. हाय साइड ३५० च्या वर चढू लागली तर लगेच एसी बंद करा. गॅसचा डबा हाय साइडला जोडून इंजिन कधीही चालू करू नका, डबा फुटतो.

गॅस जातोय तर कुठून

पाइपवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा. गॅस जाताना सोबत तेल नेतो. सुरुवात कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलपासून करा. भंगारात वर्षभर न फिरता पडलेल्या कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडतं. क्लचच्या मागच्या बाजूला तेलाची गोल फेक दिसली तर तेच. मग होसच्या दाबलेल्या टोप्या, आणि दोन गाड्यांचे पाइप जिथे एकत्र येतात तिथले जोड. जुन्या फ्लेअरच्या जोडात ओ-रिंग कोंबून घट्ट केलेलं मी वारंवार पाहिलं आहे. ते काही आठवडे टिकतं आणि गळतं. ओ-रिंग एचएनबीआर रबरची, बरोबर जाडीची आणि तेल लावून बसवलेली हवी.

होसची लांबीही बघा. इंजिन रबराच्या माउंटवर हलतं, कंडेन्सर चॅसिसला घट्ट असतो. होस ताणून लावला असेल तर प्रत्येक गिअरला जोड ओढला जातो. कुणाला तरी आयडलवरून अचानक रेस द्यायला सांगा आणि होसकडे बघा.

साबणाचा फेस मोठी गळती दाखवतो, लहान नाही. लहान गळतीला यूव्ही रंग किंवा डिटेक्टर लागतो. रिकाम्या यंत्रणेत दाब भरून तपासायचं तर कोरडा नायट्रोजन, रेग्युलेटरमधून, १५० पीएसआयपर्यंत. ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी तो स्फोट घडवतो. टायरचा कॉम्प्रेसरही नको, त्यातून ओलावा जातो आणि हवेसोबत दाबाखालचा आर-१३४ए पेट घेऊ शकतो.

इथे थांबा

जोड उघडायची वेळ आली की तुमचं काम संपलं. गॅस यंत्राने काढून घ्यावा लागतो. हवेत सोडलेला आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. पुढचं कामही अंदाजाने होणारं नाही. ड्रायर नवाच लागतो, भंगारातला कधीच नाही, कारण उघडा राहिलेला ड्रायर ओलावा पिऊन आधीच भरलेला असतो. आर-१२ चं खनिज तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही, ते कॉइलमध्ये साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. म्हणून जुनं तेल काढून कॉम्प्रेसरला चालणारं पॅग किंवा एस्टर जातीचं कृत्रिम तेल भरायचं. मग व्हॅक्यूम. २५ अंशांना आतलं पाणी उकळायला दाब पाऱ्याच्या २४ मिलिमीटरच्या खाली जावा लागतो. तिथे पंप पाऊणएक तास चालायला हवा, आणि पंप बंद केल्यावर अर्धा तास काटा हलता कामा नये.

याआधीही चार प्रसंगी काहीही न करता एसीच्या जाणकाराकडे जा: तेलात चमकणारा चुरा किंवा काळा चिखल दिसला, आतला गॅस कोणता हे नक्की माहीत नाही, दाबाचा स्विच कुणीतरी तार जोडून टाळलेला आहे, किंवा आधी स्वयंपाकाच्या गॅसचं मिश्रण भरल्याची शंका आहे. शेवटच्या बाबतीत गाडीत बसून तपासणीही करू नका. केबिनमध्ये गळणारा ज्वालाग्राही गॅस एका ठिणगीने पेटतो. आणि गॅस असलेल्या पाइपजवळ वेल्डिंग कधीच नाही. आर-१३४ए ज्वाळेत हायड्रोजन फ्लोराइड तयार करतो, तो फुप्फुसं जाळतो.

जाताना एक कागद न्या. कॉम्प्रेसर, कॉइल, कंडेन्सर कोणकोणत्या गाडीचे, वाल्व की ऑरिफिस, कोणतं तेल, आजवर किती गॅस भरला, बंद आणि चालू असतानाचे दाब आणि तेव्हाचं बाहेरचं तापमान. या जोडणीचं पुस्तक कुठल्याही कंपनीने छापलेलं नाही, त्यामुळे किती ग्रॅम गॅस लागतो ते कुणालाच आधी ठाऊक नसतं. जाणकार थोडा थोडा भरत, दाब आणि पाइपांचं तापमान बघत तो आकडा शोधेल. तो सापडला की गॅसचं नाव, वजन, तेलाची जात आणि तारीख पत्र्याच्या पट्टीवर लिहून बॉनेटखाली पक्की लावून घ्या.